नाटकातला रपटा

आमच्या गावाला नाटकाचं वेड होतं. या वेडाचं कुणी कौतुक करायला लागलं की मला अजून राग येतो.

मूल तालुक्याकडच्या धानपट्ट्यातलं गाव. धान चुरून, म्हणजे मळून, घरात आलं की शंकरपट भरायचा, बैलजोड्या धावायच्या, गावोगावचे पाहुणे यायचे, आणि पाहुणे आले म्हणजे नाटक हवंच. ज्या घरात पाहुण्याला दुसरी भाजी वाढायची मारामार, त्या घरातूनही पडद्यासाठी लुगडं निघायचं.

गावाचं दुखणं मात्र एकच, नाला. गावातली शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल नाल्यापलीकडे, डांबरी सडकेला लागून. पावसाळ्यात नाला भरला की गाव अडकून पडायचं. मोठा पूल कुणी मागितलाच नव्हता. आम्हाला रपटा पुरला असता, म्हणजे दगड-सिमेंटचा ठेंगणा रस्ता, पुराचं पाणी वरून गेलं तरी जागचा न हलणारा. त्यासाठी अर्ज देऊन देऊन सरपंच म्हातारे झाले.

माझी धाकटी बहीण त्या वर्षी सातवीत होती. बाबांनी तिला एकदाच सांगितलं होतं, "रपटा झाला तं आठवीत घालतो. पाण्यातून पोरगी धाडत नाई."

बाबा काही दुष्ट नव्हते. आमच्या बौद्ध मोहल्ल्यात शिक्षणाचं मोल सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि बाबा तर तिच्या वहीतलं अक्षर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. पण आदल्या पावसाळ्यात त्या नाल्यानं त्यांच्या डोळ्यांदेखत शेजाऱ्याची बैलजोडी ओढून नेली होती. तेव्हापासून पाण्याचं नाव निघालं की ते उठून बाहेर जायचे.

आमच्याकडे नाटकाला उद्घाटक लागतोच. त्याला हार, नारळ आणि पुढची खुर्ची. त्या हिवाळ्यात एक मोठे साहेब यायला तयार झाले आणि मंडळाला जोर चढला. मंडळ चालवायचे ते आमच्या गावचे शिलाईवाले चाचा. अख्ख्या गावाचे सदरे त्यांच्या मशीनवर शिवून निघायचे, आणि नाटकातले राजेही. तेच म्हणाले, "अर्ज तं साहेब वाचत नाई. नाटक तं पाहीन ना? रपट्याचंच नाटक करू."

सगळ्यांना पटलं. शाळेवाचून अडलेल्या पोरीचं काम बहिणीकडे आलं. साहेबाचं काम चाचांनी घेतलं, कारण कोट त्यांच्याकडेच होता, तोही एका गिऱ्हाइकाचा. मी आडोशाला बसून वाक्यं पुरवायचो.

आता आमच्या नाटकाची एक रीत असते. लोकांना पोटभर रडवायचं, मधे हसवायचं आणि शेवट गोड करायचा. रडत घरी गेलेला माणूस आमच्याकडे वर्षभर शिव्या घालतो. म्हणून शेवटच्या अंकात साहेबाचं मन विरघळायचं, तो हुकूम सोडायचा, चार गडी फळ्या आणि भुसा भरलेली पोती आणून मांडायचे, की झाला रपटा! बहीण दप्तर घेऊन त्यावरून पलीकडे जायची. तालमीत हा प्रवेश आला की बघायला जमलेल्या बायाही टाळ्या पिटायच्या. गावात एवढी शहाणी माणसं होती, पण कुणाच्या डोक्यात शंकेचा किडा वळवळला नाही.

साहेबांना अंधाराआधी जंगलाचा रस्ता पार करायचा होता, म्हणून नाटक भरदुपारी ठेवलं. उन्हात तोंडाचा सफेदा ओघळत होता. चाचांच्या चिकटवलेल्या मिशीनं दोनदा दगा दिला. मग बहीण पुढे आली. पाठ केलेलं सोडून, चाचांकडे पाठ करून, ती खुर्चीतल्या खऱ्या साहेबांकडे बघत बोलायला लागली. "साहेब, नाल्याचं पाणी उतरेपर्यंत शाळा थांबत नाई. मले शिकायचं हाय. काऊन अडवता?"

बायांनी तोंडात पदर कोंबले. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, झालं, जिंकलो. मग गडी फळ्या घेऊन धावत आले, रपटा बांधून झाला, ती पलीकडे गेली आणि साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

भाषणात ते म्हणाले, "एवढे गुणी कलावंत मातीत उभे राहून नाटक करतात, हे मला बघवत नाही. या गावाला मी पक्का रंगमंच देतो."

गाव अक्षरशः नाचलं. सरपंचांनीही फेटा उडवला. सगळ्यांचं रडून झालं होतं, हसून झालं होतं, आणि रपटा तर सर्वांनी आपल्या डोळ्यांनी बघितला होता. एकटे चाचा कोट न काढता साहेबांच्या निघालेल्या जीपमागे धावले. "साहेब, रपटा?"

साहेब मागे वळून हसले. "फार सुंदर दाखवलात."

जीप कोरड्या नाल्यात उतरली आणि पलीकडे चढून गेली.

साहेब शब्दाचे पक्के निघाले, हे आमचं नशीब. रंगमंच मंजूर झाला. त्याचं सिमेंट बैलबंड्यांवर लादून नाल्यातूनच आणलं. जूनमध्ये हायस्कूल उघडलं तेव्हा बाबांनी आपला शब्द पाळला. बहीण आईसोबत धान रोवायला गेली. पुढे कुरखेड्याकडे तिचं लग्न झालं. चाचांनी नाटक सोडलं नाही, पण शेवट बसवायची वेळ आली की म्हणायचे, "तुम्हीच ठरवा बापा."

रंगमंच रखडत रखडत सात-आठ वर्षांनी पुरा झाला. त्यावर पहिलं नाटक ठरलं तेव्हा बहीण लेकराला घेऊन माहेरी आली होती. मंडळातले सगळे घरी आले. कुणीतरी म्हणालं, "बाई, तेच काम पुन्हा कर. तसं नाटक या गावात दुसऱ्या कोणाले जमलं नाई."

तिनं लेकराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"मी नाटक नोती करत भाऊ," ती म्हणाली. "मी त्या साहेबाले सांगून राह्यली होती."