भिंतीला दिलेला तास

माझी सून तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. मी चौथी शिकलेली. चार माणसांत बोलायचं म्हटलं तर माझ्या घशाला कोरड पडते, त्यामुळे भरल्या वर्गापुढं उभी राहणारी सून म्हणजे मला अप्रूपच. पण यंदा शेतातली हळद काढायच्या दिवसांत तिनं आणि आमच्या मालकांनी मिळून माझं डोकं पार उठवलं. बोलून दाखवायला कुणी नाही, म्हणून लिहून मोकळी होते.

झालं असं, की तिच्या तासाला एकदा प्राचार्य येऊन मागच्या बाकावर बसले. तोवर ती पोरांशी चांगली बोलत होती. हे पांढऱ्या केसांचे गृहस्थ खाकरून आत आले आणि तिचा हात आपोआप वर गेला. पदर डोक्यावर, तोंड फळ्याकडं आणि आवाज चुलीपुढं कुजबुजावं तेवढा. उरलेला सगळा तास तिनं फळ्याला शिकवला.

तास संपल्यावर ते म्हणाले, “मॅडम, तुम्हाला विषय येतो, पण पोरांपर्यंत तो पोचत नाही. पुढच्या आठवड्यात मी परत बसतो. तेव्हाही असंच झालं तर आम्हाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल.”

घरी आली ती डोळे पुसतच.

“काहून रडून राहिली?” मी विचारलं.

“आत्याबाई, ते खाकरले अन् मला वाटलं मामाच आले. हात कवा वर गेला, कळलंच न्हाई.”

आता तिला तरी काय बोलावं? आमच्याकडं सासरा अंगणातूनच खाकरत येतो, सुनेनं पदर घेऊन बाजूला व्हावं म्हणून. मालक खाकरले की ती भिंतीकडं वळते, हे लग्न झाल्यापासून चाललंय. दोघं एकमेकांशी सरळ बोललेली मी कधी ऐकली नाहीत. तिला काही सांगायचं असेल तर ती मला सांगते आणि मी त्यांना सांगायचं. त्यांचं उत्तर मी परत तिला द्यायचं. मधे हातभर अंतर असलं तरी हेच. लेक पुण्याला कंपनीत, तो सुटला.

मीच म्हटलं, मालकांपुढं सराव कर. त्यांच्यापुढं बोलता आलं तर प्राचार्यांचं काय एवढं?

मालक ऐकूनच तडकले. “सून माह्यापुढं तोंड वर करून बोलंल? लोक काय म्हणतील?”

“लोक हळद शिजवून राहिले. कुणाला टाईम हाये तुमच्याकडं बघायला?”

“मंग बोल म्हणा तिला. म्या काय तोंड धरलं का तिचं?”

संध्याकाळी ओसरीवर बाज टाकली. मालक बसले, पण गोठ्याकडं तोंड करून. सून चौकटीला टेकून उभी राहिली, भिंतीकडं तोंड करून. मधे मी, मांडीवर नातू. ती भिंतीला सांगते, “कुटुंबाचे मुख्य दोन प्रकार पडतात.” मालक म्हशीकडं बघून मान डोलावतात. ती मान तिला दिसत नाही आणि तिचं तोंड त्यांना दिसत नाही.

ती पुढं म्हणाली, “संयुक्त कुटुंबात पुष्कळदा स्त्रियांना विचारलं जात नाही.”

“तिला म्हणावं, हे कुठून आणलं?” मालक मला म्हणाले. “म्या कवा विचारलं न्हाई?”

“आत्याबाई, त्यांना सांगा, पुस्तकात हाये.”

“तिला म्हणावं, पुस्तकवाला काय आपल्या घरी जेवायला आलता?”

इकडून तिकडं वळून माझी मान दुखायला लागली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती थोडी वळली, तर नजर त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर. मालकांनी तंबाखू मळायला घेतली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, हळद शिजवायच्या कुकरवर आपला नंबर लागला म्हणून, आणि ते तिथंच बसून मोठमोठ्यानं बोलायला लागले. सून थांबलीच नाही. तशीच हळू आवाजात अंगठ्याला शिकवत राहिली.

माझा आवाज ओसरीच्या बाहेर कधी गेलेला नाही. त्या दिवशी गेला.

“ठेवा तो फोन! अन् इकडं तोंड करा! अन् तू गं, ती भिंत तुला पगार देणार हाये का? माणसाकडं बघून बोल!”

नातू दचकून रडायला लागला. शेजारीण कुडावरून डोकावली. मालक हळूच वळले. तीही वळली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

“हिचे डोळे घारे हायेत व्हय?” मालक म्हणाले. तेही मलाच.

पण मग ती बोलली. मालकांच्या कपाळाला आठी पडली की थांबायची आणि शेतातलं, भावकीतलं उदाहरण देऊन तेच परत सांगायची. आठी गेली की पुढं. भिंतीला कुठं आठी पडते?

प्राचार्य बसणार त्या दिवशी नातवाचं अंग तापलं होतं आणि तो आईला सोडेना. म्हणून त्याला घेऊन मी कॉलेजात गेले आणि वर्गाबाहेर, खिडकीतून आतलं दिसेल अशी बसले. प्राचार्य आले आणि दारातच खाकरले. आत सुनेचा हात उचलला गेला. बाहेर माझाही पदराकडं गेला होता. तिचा हात कानापर्यंत पोचला, तिथं घुटमळला आणि खाली आला. तिनं त्यांच्याकडं बघितलं, मग पोरांकडं. एका पोरीचं तोंड गोंधळलेलं दिसलं असावं, कारण सून थांबून म्हणाली, “नाही कळलं ना? परत सांगते.” आवाज मला बाहेर स्वच्छ ऐकू येत होता.

जाताना प्राचार्य दारात थांबून म्हणाले, “छान. चालू ठेवा, मॅडम.”

सगळ्या वाटेनं एसटीत ती हसत होती. मलाही वाटलं, या निरोपांतून सुटले आता.

आम्ही अंगणात आलो. मालक वाळत घातलेल्या हळदीपाशी बसले होते. ते खाकरले. सुनेनं पदर घेतला आणि भिंतीकडं वळली.

“आत्याबाई, मामांना सांगा, नोकरी टिकली.”

मालक म्हशीकडं बघत म्हणाले, “तिला म्हणावं, लई चांगलं झालं.”

दोघंही मी कधी बोलते याची वाट बघत राहिले. मी नातवाला मालकांच्या मांडीवर ठेवलं आणि कुणाचाच निरोप न पोचवता चहा टाकायला आत गेले.