काळी छत्री मिटली तेव्हा

तापीकाठच्या प्रकाशा या तीर्थाला आम्ही देव पाहायला गेलो नव्हतो. कावळा यावा म्हणून गेलो होतो.

नाना, म्हणजे आमचे वडील, वारले त्याच्या दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नव्हता. दुपार टळेपर्यंत सगळे उन्हात उभे राहिले. एकेकाने पुढे होऊन वचन दिलं, पोरांना सांभाळू, घर पडू देणार नाही. कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. अखेर दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि मंडळी आंघोळीला गेली. मी तेव्हाच म्हणालो होतो की गावात त्या दिवशी दोन लग्नांच्या पंगती होत्या, कावळ्यांची पोटं भरलेली होती. काकांना ते पटलं नाही. त्या वर्षभरात ते रात्री नीट जेवले नाहीत. त्यांचा भाऊ कुठे तरी उपाशी अडकून पडला आहे, असं त्यांना खरोखर वाटत होतं.

नाना रनाळ्याच्या शाळेत मास्तर. आई फार लवकर गेली. आम्हा दोघा भावंडांना नानांनी चोपड्यांवर वाढवलं. या चोपड्या पोस्टाने यायच्या, पातळ, पिवळट कागदाच्या. दारू सोडा, विधवांचे केस कापू नका, मुलींना शिकवा, भगताच्या नादी लागू नका. सकाळी शाळेत जाण्याआधी मी त्या मोठ्याने वाचायच्या आणि चुकलो तर नानांनी चुलीपाशी बसून सुधारायचं, असा आमचा नेम. माझी बहीण अक्षरं शिकली ती त्याच चोपड्यांवर. 'बालविवाह' हा शब्द तिने 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचला असेल. नानांच्या मनात तिने सातवीची परीक्षा द्यावी आणि मास्तरीण व्हावं असं होतं. हे ते मला बोलले होते, तिला बोलले होते. काकांना बोलायचं राहिलं.

नाना गेल्यावर आम्ही नंदुरबारला काकांकडे आलो. बहीण सहावीत होती. विसरवाडीकडच्या एका लाकूड ठेकेदाराचं स्थळ सांगून आलं. बायको बाळंतपणात गेलेली, वय तिशीच्या पुढे. बहीण काकांपुढे उभी राहून म्हणाली, "सातवी व्हवाशिवाय मी लगीन करनार नही." आमच्या घरात मुलीने असं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. काका चिडले नाहीत. म्हणाले, "नानानं वर्षश्राद्ध प्रकाशाले करू. मंग दखू." मग बघू. त्या एका वाक्यावर आमचं सगळं टांगलेलं होतं.

प्रकाशाचे एक तीर्थोपाध्ये तेव्हा नंदुरबारला येऊन यात्रेकरू गोळा करत. सात-आठ जणांची टोळी जमली की भाड्याची मोटार ठरवायची, सकाळी निघून तापीच्या काठी, नावेने पलीकडे, सगळी देवळं, संगमावरचे विधी, आणि दिवेलागणीला घरी. ज्याला श्राद्ध करायचं त्याचं श्राद्ध, ज्याला दर्शन त्याला दर्शन. सगळे त्यांना महाराज म्हणत. माणूस लठ्ठ, हसरा, बोलण्यात तयार. हातात कायम एक मोठी काळी छत्री. ती उंच धरून ते पुढे चालत आणि टोळीने छत्रीमागे चालायचं.

आमच्याबरोबर तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरची एक म्हातारी होती. मुलांनी तिला काशी करून आणली होती, आणि प्रकाशाला गेल्याशिवाय काशी पुरी होत नाही म्हणून ती आता उरलेलं पुण्य घ्यायला निघाली होती. मोटारीत ती माझ्या बहिणीला चिकटून बसली.

"तुन्ही मांडीवर काय शे वं, माय?"

"कळण्यानी भाकर. नानाले आवडे."

"काशीले मी काय सोडं माहीत शे का? वांगं. जे आवडस ते सोडनं पडस. आते रोज सपनमा भरीत येस." आणि ती एवढ्या मोठ्याने हसली की मोटारवाल्याने मागे वळून पाहिलं. बहीणही हसली. त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसणं.

माघ महिना होता. तापी आटून एका अंगाला गेली होती आणि वाळूत टरबुजांचे वेल लावलेले होते. नावेतून उतरल्याबरोबर महाराजांनी छत्री उघडली आणि बोलायला सुरुवात केली. हे देऊळ कुणी बांधलं? एका रात्रीत देवांनी. हा नंदी पाण्याकडे का बघतो? पूर यायच्या आधी तो डोळे मिटतो. केदारेश्वराच्या काळ्या दगडाच्या भिंतीवर कोणा कारागिराने छिन्नीने इतकी बारीक वेल कोरली होती की तिच्या पानाची शीर बोटाला लागत होती. मी विचारलं, "महाराज, देवांनी एका रात्रीत बांधलं, तर हे छिन्नीचे घाव कुणाचे?"

"देवांना छिन्नी धरता येत नाही असं तुमच्या चोपडीत लिहिलंय का?" ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो असतो, पण बाहेर दारापाशी, उन्हात, डोंगरातून आलेलं एक भिल्ल कुटुंब उभं होतं. बाईच्या पाठीला मूल बांधलेलं. ते आत येत नव्हते आणि त्यांना या म्हणणारं कुणी नव्हतं. पुरुषाने पायरीवर नारळ ठेवला. पुजाऱ्याने दुरूनच पाणी शिंपडलं आणि मग उचलला. मी काकांना म्हणालो, "देवाला नारळ चालतो, माणूस चालत नाही." काका दबक्या आवाजात म्हणाले, "आज नको, भाऊ. आज तरी नको."

मी विषय सोडला. मला दुसरीच लढाई लढायची होती.

संगमेश्वरापाशी गोमाई तापीला मिळते. तिथे पायऱ्यांच्या खाली सपाट दगडावर महाराजांनी श्राद्ध मांडलं. मी तिळाचं पाणी सोडलं, सांगितलं तसं म्हणालो. मला त्यातलं काही पटत नव्हतं, पण नानांचा मुलगा मीच होतो आणि काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. पिंड आणि कावळ्याचा घास दगडावर ठेवला. बहिणीने फडक्यातून भाकरी काढून बाजूला ठेवली. आम्ही उभे राहिलो.

कावळे होते. पिंपळावर पाच-सहा बसले होते, एक तर खालच्या फांदीवर येऊन मान वाकडी करून बघत होता. पण उतरेना. पहिल्यांदा म्हातारी बोलली, तिचा काही संबंध नसताना. "ये रे बाबा, पोरगी भाकर लई उनी शे." मग काकांनी सांगितलं की दोघा पोरांना अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. काकांचा चेहरा दहाव्याच्या दिवशी झाला होता तसाच होऊ लागला. महाराज माझ्याकडे वळले. "मुलगा तू. तू बोल. त्यांच्या मनात काय राहिलं असेल ते बोल."

मला विश्वास नव्हता. पण तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांचा होता, आणि इथे उघड बोललेला शब्द काका मोडणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. ही संधी होती. मी पुढे होऊन खणखणीत आवाजात म्हणालो, "नाना, तुमच्या मुलीचं शिक्षण मी पूर्ण करीन. ती सातवी पास होईल, शिक्षिका होईल. तोवर तिचं लग्न होऊ देणार नाही."

सगळे जवळ सरकले. मी असं काही बोलेन हे कुणाला वाटलं नव्हतं. म्हातारी तर माझ्या खांद्यापाशी येऊन म्हणाली, "हाई तर भाषण करी ऱ्हायना!" ऊन चढलं होतं म्हणून महाराजांनी माझ्या आणि स्वतःच्या डोक्यावर छत्री धरली होती. आम्ही त्या घासापासून हातभर अंतरावर, काळ्या छत्रीखाली, घोळका करून उभे होतो. कावळा उडाला आणि वरच्या फांदीवर गेला.

बहीण माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला खुणेने थांब म्हटलं. आणखी काही वेळ गेला. पलीकडून नाववाल्याने हाक दिली. महाराजांनी उन्हाकडे पाहिलं, छत्री मिटली आणि म्हणाले, "जरा मागे सरा मंडळी, पायरीवर या. काका, तुम्ही वडीलधारे. एकदा नीट सांगा. बाप मुलीच्या काळजीत अडकतो हो."

आम्ही मागे सरलो. काका एकटे, वाकून, हात जोडून उभे राहिले. "भाऊ, पोरनी काळजी करू नको. या वरीसले तिन्हं लगीन करी देसू. चांगलं घर शे. तू मोकळा व्हय."

कावळा खाली आला. सरळ, न थांबता. त्याने भाताला चोच लावली, मग भाकरीचा तुकडा उचलला आणि गोमाईच्या अंगाला उडून गेला. त्याच्यामागून बाकीचे उतरले.

म्हातारीने कानशिलावर बोटं मोडली. काका खालीच बसले आणि लहान मुलासारखे रडले. एका वर्षाचं रडणं होतं ते. मी ओरडलो, "छत्री मिटली म्हणून आला तो! आपण मागे सरलो म्हणून! आधी आपण त्याच्या डोक्यावर उभे होतो!" महाराज म्हणाले, "बरं बरं," आणि तांब्या, ताम्हन पिशवीत भरू लागले. त्यांनी हे मुद्दाम केलं की नाही, ते मला माहीत नाही. मला वाटतं, त्यांना नाव गाठायची होती.

मी काकांना म्हणालो, "कायदा आहे. चौदा वर्षांच्या आत लग्न लावता येत नाही."

"तिले चौदावं लागनं." काकांनी डोळे पुसले. "चौदावं लागनं म्हंजे चौदा व्हयनी."

"लागणं वेगळं, पुरी होणं वेगळं, काका."

"कायदा सरकारना शे. वचन मी मन्हा भाऊले दिन्हं."

मला काकांची भीती नव्हती. ठेकेदाराला पत्र पाठवीन, मामलेदाराकडे अर्ज करीन, बहिणीला घेऊन धुळ्याला निघून जाईन, हे सगळं मी परतीच्या नावेत ठरवत होतो. फक्त तिने पुन्हा एकदा नाही म्हणायला हवं होतं. ती नावेच्या कडेला बसली होती. हातात भाकरीचं रिकामं फडकं. मी तिच्याजवळ सरकून, आमच्या चोपड्यांत असतं तसं, सगळं क्रमाने समजावलं. पक्षी गर्दीला बुजतो. काळ्या हलत्या वस्तूला जास्त बुजतो. दहाव्याला त्याचं पोट भरलेलं होतं. ती ऐकत होती. ती हुशार होती, तिला कळत होतं.

"दादा, तुन्हं खरं व्हई," ती म्हणाली. "पण तू बोलना तव्हय नाना उना नही. काका बोलना तव्हय उना."

"अगं, आले ते नाना नव्हते. कावळा होता."

"तुले छत्री दिसनी. माले नाना दिसना. भाकर लई गया ना तो?" आणि मग अगदी हळू, "एक वरीस उपाशी व्हता. मन्हामुळे."

ते 'मन्हामुळे' मी आजही ऐकतो. वर्षभर काकांनी जे मनात धरलं होतं ते तिनेही धरलं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. बाप अडकून राहिला तो आपल्या हट्टापायी, असं ती सातवीच्या पुस्तकांवर वाकून दिवसेंदिवस मानत आली होती. मी माझ्या सगळ्या चोपड्यांनिशी तिच्या शेजारी बसत होतो. अशा चोपड्यांत विधवांसाठी लिहिलेलं असतं, बालवधूंसाठी असतं. मेल्यावर उपाशी राहिलेल्या बापासाठी काय करावं ते कुठे छापलेलं नाही. ते छापायला हवं. त्याशिवाय आमचं बाकीचं सगळं छापणं व्यर्थ आहे.

अलीकडच्या काठाला महाराजांनी छत्री उंच धरली. मोटार उभी होती तिकडे टोळी निघाली. मीही त्या छत्रीमागून चालत गेलो.

वैशाखात लग्न झालं. मी अर्ज केला होता. चौकशीला आलेल्या माणसापुढे तिने स्वतःच वय चौदा पुरं सांगितलं. विसरवाडीला जाताना तिने नानांची एकही चोपडी बरोबर घेतली नाही. घे म्हटलं तर म्हणाली, "तठे कोन वाचाव शे?"

पुढच्या माघात मी एकटा प्रकाशाला गेलो. त्याच दगडावर भाताचा गोळा ठेवला, छत्री उघडली आणि जवळ उभा राहिलो. कावळे पिंपळावरच राहिले. मग छत्री मिटली, पायरीपर्यंत मागे आलो. भात ठेवलेल्या जागी बघता बघता दोन कावळे उतरले आणि भांडून तो खाऊ लागले. मी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तसंच झालं. माझं म्हणणं खरं होतं. घाटावर ते ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

त्या वेळी मी नानांना काहीच वचन दिलं नव्हतं. द्यावं असं माझ्याजवळ आता काही उरलंही नव्हतं. तरी ते आले आणि पोटभर खाऊन गेले.