आधी एकतीस, मग चोवीस

माझ्या मावशीवर अन्याय झाला तो मंगळवारी, सकाळी पावणेअकरा वाजता, तळेगावच्या एका खासगी दवाखान्यात. आतड्याच्या ऑपरेशनला दोन दिवस झाले होते. भाजे गावात मजुरी करून जिनं मला वाढवलं तिचं पोट टम्म फुगलेलं, लघवीच्या पिशवीत सकाळपासून जवळजवळ काही नाही, आणि राउंडवरचे डॉक्टर पोटाला हातही न लावता म्हणाले, "गॅस आहे. होतं असं." मी भांडले. सभांमध्ये बोलून माझा आवाज तयार झालाय. सगळा वॉर्ड वळून पाहू लागला. डॉक्टर हलले नाहीत.

शेजारच्या वॉर्डातून सलाइनचा स्टँड न्यायला एक सिस्टर आल्या होत्या. तो सोडून त्या पिशवीकडे वाकल्या. "सर, पोटातला दाब मोजू?" डॉक्टरांनी नाइलाजानं मान हलवली. सिस्टरनी पलंग सपाट केला, लघवीच्या नळीतून थोडं सलाइन मूत्राशयात सोडलं, नळी मॉनिटरला जोडली. पोटात दाब वाढला की मूत्राशयही दाबलं जातं, ते आकड्यात कळतं; वीसच्या वर गेला तर धोका, असं त्या म्हणाल्या. आकडा आला एकतीस. "बघा!" मी ओरडले.

"पेशंटनं अंग ताठ केलंय. हे रीडिंग धरता येत नाही," डॉक्टर म्हणाले. आणि ते खरं होतं.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमचा आवाज चढला की यांचं पोट आवळतंय. पोट सैल हवं. श्वास पूर्ण सोडल्यावरचाच आकडा खरा."

"गप की गं," मावशी कण्हत म्हणाली. "न्हाईतर भायेर जाऊन पत्रकं वाट."

विहारात जाणं मी कॉलेजात असतानाच सोडलं होतं. वंदनेनं हक्क मिळत नसतात, असं मावशीला तोंडावर सुनावलं होतं. आता माझ्याजवळ दुसरं काहीच उरलं नव्हतं. तिचा हात धरला आणि तिनंच शिकवलेलं त्रिसरण, 'बुद्धं सरणं गच्छामि', तिच्या कानाशी हळू म्हणू लागले. काय झालं, कशानं झालं, मला सांगता येणार नाही. दुसऱ्या आवर्तनाला तिची बोटं सैल पडली, तिसऱ्याला पोट. श्वास बाहेर गेला, क्षणभर थांबला.

चोवीस.

"वीसच्या वर, सर. आणि लघवी बंद," सिस्टर म्हणाल्या. डॉक्टरांनी आता पोटाला हात लावला आणि सर्जनना फोन केला. तासाभरात सर्जननी मावशीचं पोट पुन्हा उघडून दाब मोकळा केला. संध्याकाळी पिशवीत लघवी उतरली, आणि मी जिन्यात बसून रडले. नाव विचारायला गेले तोवर सिस्टरची ड्युटी संपली होती. त्यांना मी रोज मनात हात जोडते.

माझा राग गेलेला नाही, जाऊही नये. पण तो खाली ठेवला तेव्हाच मावशीचं खरं दुखणं कुणालातरी दिसलं. तुमचं माणूस पोट फुगून, लघवी अडून पडलं असेल, तर उभं राहून मागा: पोटातला दाब मोजा. आणि ते मोजत असतील तेवढा वेळ गप्प राहा.