शुक्रवारचं पितळी बटण

आमच्या घरातल्या त्या पितळी बटणाची आठवण निघाली की अजून माझं डोकं फिरतं. नातवंडं म्हणतात, एवढ्या जुन्या गोष्टीवर काय चिडतेस? चिडते! का चिडू नये? एका बटणापायी माझ्या धाकट्या जावेला घराबाहेर काढायला निघाले होते सगळे.

एकोणीसशे तीसनंतरची ती सालं. सोलापुरात भवानी पेठेत आमचं घर, पुढच्या अंगाला चादरींचे हातमाग आणि मागं आम्ही बायका-पोरं. वीज नवी नवी आलेली. माजघराच्या दाराशी एक बटण बसवलं होतं, त्याला वाटीसारखं पितळेचं झाकण आणि मधून पितळेचीच छोटी दांडी. ती खाली ओढली की दिवा लागायचा. सासूबाईंना त्याचं काय कौतुक! "लक्ष्मी हाय ती घरातली," असं आल्यागेल्याला सांगायच्या. दर शुक्रवारी देवाची भांडी चिंचेनं घासायची, त्या भांड्यांबरोबर हे झाकणही घासायचं, असा त्यांचा हुकूम. घासायची धाकटी, तेवढ्यापुरती वीज बंद करून. आणि दिवेलागणीला हातपाय धुऊन, कुंकू लावून दिवा लावायचीही धाकटीच.

धाकटी अक्कलकोटकडची. माहेरी कानडी, त्यामुळे मराठी अडखळत बोलायची, मला आक्का म्हणायची. पोर कामाला वाघ होती, पण लग्नाला चार वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. तेवढं पुरे होतं आमच्या घराला.

एका शुक्रवारी तिनं दांडीला हात लावला आणि किंचाळून मागंच पडली. दंडापर्यंत मुंग्या आल्या म्हणाली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. सासूबाईंनी लगेच निकाल लावला. "लक्ष्मीला हिचा हात चालत न्हाय. बघा की, बरोबर शुक्रवारीच झिडकारती!" झालं! गल्लीभर बोभाटा. हळदीकुंकवाला आलेल्या बायका धाकटीकडं अशा बघायच्या की मला एकेकीच्या झिंज्या उपटाव्याशा वाटायच्या.

आणि माझी तळपायाची आग मस्तकात कशानं गेली सांगू? मागाच्या खोलीत अगदी तसलंच बटण होतं. आमच्या एका विणकरानं सुताला लावायच्या खळीनं ओल्या झालेल्या हातानं ते धरलं, त्यालाही झटका बसला. त्यानं मागाचा धोटा खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, "हे बटण काढा, न्हायतर मी चाललो." दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी मिस्त्री बोलावून तिथं चिनी मातीचं बटण बसवून घेतलं. पांढरंशुभ्र, बोटाला कुठंच धातू लागायचा नाही. त्या विणकराला कुणी म्हणालं का, की लक्ष्मीला तुझा हात चालत नाही? विणकराला झटका बसला तर बटण वाईट आणि सुनेला बसला तर सून वाईट. वा रे न्याय!

मी आमच्या ह्यांना म्हटलं, "माजघरातलंबी बदला की." हे म्हणाले, आईला विचार. आई म्हणाल्या, "माझी लक्ष्मी काढून तितं कपबशी बसवायची व्हय?" आणि धाकटीचा नवरा, आमचे भावजी, मान खाली घालून भाकरी खात राहिले. बायकोवर एवढं बालंट आलंय आणि ह्याला भाकरी गोड लागतेय! असा संताप यायचा त्या माणसाचा!

मग तिला दिवा लावायची बंदी झाली. त्याच आठवड्यात, "चार दिवस माहेरी जाऊन येऊ दे," असं सासूबाईंचं सुरू झालं. असले चार दिवस कधीच संपत नाहीत, हे आम्हा बायकांना सांगावं लागत नाही. भावजींसाठी दुसरी मुलगी बघायची कुजबूज चुलीपाशी मी माझ्या कानांनी ऐकली होती. अक्कलकोटला निरोप गेला आणि शुक्रवारी दुपारी धाकटीचा भाऊ येऊन ओसरीवर बसला. सकाळी तिला घेऊन जायचं होतं. तिची ट्रंक भरून तयार, आणि तरी त्या दिवशीही तिच्याकडूनच पितळ घासून घेतलं, बघा! डोळ्यांतून पाणी गाळत तिनं ते झाकण लखलखीत केलं.

दिवेलागणीची पाळी आता माझी होती. मी हातपाय धुतले, ओल्या पायांनीच फरशीवर आले, दांडीला हात लावला आणि आईगं! कुणी हिसका देऊन फेकावं तशी खाली आदळले. बांगडी फुटली. तोंडाशी हात नेला तर बोटांना चिंचेचा वास.

शुक्रवार! अगं बाई, लक्ष्मीचा कसला, तो तर चिंचेचा वार! घासून घासून झाकण सैल झालेलं, दर शुक्रवारी त्यातून चिंचेचं पाणी आत झिरपायचं, आणि संध्याकाळी ओल्या पायांनी हात लावेल तिला झटका बसायचा. शनिवारपर्यंत सगळं वाळून जायचं.

डोक्यावरचा पदर पडला होता. मी तो सावरलाही नाही. ओसरीवर तिचा भाऊ, दारात सासरे, आणि मी तशीच ओरडले. "आत्याबाई, मला तीन लेकरं हायत. माझाबी हात चालंना का लक्ष्मीला? मग मलाबी पाठवा माहेरी!"

"पाय घसरला असंल तुजा," सासूबाई पुटपुटल्या.

"मग तुमी लावा की दिवा. या, हातपाय धुवा आणि लावा!"

त्या जागच्या हलल्या नाहीत. हात मात्र हळूच पदराखाली घेतला. लक्ष्मीवर एवढा भरवसा होता, तर हात का लपवला? सगळ्यांनी ते पाहिलं. सासऱ्यांनीही पाहिलं आणि ते एवढंच म्हणाले, "उद्या मिस्त्रीला बोलवा."

धाकटीचा भाऊ एकटाच परत गेला. ट्रंक पुन्हा फळीवर चढली. माजघरात चिनी मातीचं बटण आलं आणि पुढच्या शुक्रवारी सासूबाईंनी आपण होऊन धाकटीला दिवा लावायला सांगितलं. बिचारीनं हाताला पदर गुंडाळूनच दांडी खाली केली. दिवा लागला, काही झालं नाही. सासूबाईंनी त्या बटणाच्या फळीला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "गेला बाई लक्ष्मीचा राग!" भावजी हसले, आमचे हे हसले, सगळं घर हसलं. धाकटीसुद्धा हसली.

आमचं चुकलं, असं तिला कुणी म्हणालं नाही. तेव्हाही नाही, पुढं तिला दोन मुलगे झाले तेव्हाही नाही. लक्ष्मीचा राग गेला, म्हणे. माझा नाही गेला.