फातयाचा अर्थ

दोन हजार चोवीस साल. मला एकाहत्तर पुरी झाली होती आणि त्या वयात मी हायस्कुलात शिकवायला जाऊ लागलो. स्वतः चौथीतनं शाळा सुटलेला माणूस. गावातली माणसं हसली. हसू देत म्हटलं. मी काही अर्ज घेऊन गेलो नव्हतो, मोठ्या बाई स्वतः घरी आल्या होत्या बोलवायला.

आमचं गाव आता कोल्हापुरातच मोडतं. पण पीर जागच्या जागी आहे आणि त्याची मुलाणकी आमच्या घरात आहे. मुलाणकी म्हणजे पिराला ऊद घालायचा, कंदुरीचं, म्हणजे नवसाच्या जेवणाचं, बकरं कापायचं, आणि मलिद्यावर नाहीतर मयतावर फातया, म्हणजे कुराणातल्या पहिल्या ओळी, द्यायचा. कंदुरी करणारी निम्मी घरं मराठ्यांची. नवस त्यांचा, बकरं त्यांचं, तोंड आमचं. ती माणसं हात जोडून उभी राहतात, मनात काय असेल ते मागतात, आणि आम्ही अरबीत म्हणतो. बापानं मला आठव्या वर्षी ते तोंडपाठ करायला लावलं. शब्द चुकला की पाठीत धपाटा. त्रेसष्ट वर्षांत माझा एक शब्द इकडचा तिकडं झालेला नाही, हे मी छाती ठोकून सांगत आलो.

बाईंनी नववीसाठी शनिवारचा शेवटचा तास राखला होता. एकेक महिना एकेका धर्माचा माणूस येऊन मुलांना सांगणार. देवळातले गुरव झाले, जैन बस्तीतले पंडित झाले. आमच्या मशिदीतले मौलाना परमुलखातले, त्यांचं मराठी कच्चं. म्हणून बाई माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "चाचा, पुस्तकातलं नको. तुम्ही जे करता ते सांगा."

पहिला शनिवार झकास गेला. मोहरमात पंजे कसे बसवतात, कुठल्या तालमीत कुणाचा मान, हे सगळं सांगितलं. घंटा झाली तरी पोरं उठेनात.

दुसऱ्या शनिवारी पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. तिच्या घरी म्हशी आहेत, आणि तिची आजी दर वर्षी पिराला कंदुरी करते.

"चाचा, आमच्या आजीच्या कंदुरीला तुमीच फातया देतासा न्हवं? त्याचा अर्थ काय हुतोय?"

अर्थ मला येत नव्हता. कधी कुणी विचारलाच नव्हता, आणि मीही बापाला विचारला नव्हता. "येत न्हाय, पोरी," एवढंच म्हणायचं होतं. पण अडतीस पोरं पेनं धरून बसलेली, दारात बाई उभ्या. जीभ काही तिकडं वळली नाही.

मी डोळे मिटले आणि गंभीर आवाजात म्हटलं, "त्याचा अर्थ असा, की हे परवरदिगारा, पाऊस वेळेवर पाड. शिवार पिकू दे, गोठा भरलेला राहू दे, लेकीबाळी सुखात ठेव."

गोठा मी त्या मुलीकडं बघून घातला. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. बाईंना इतकं आवडलं की सोमवारी ते मोठ्या कागदावर रंगीत अक्षरांत लिहून त्यांनी व्हरांड्यातल्या फलकावर लावलं. खाली लिहिलं, मुलाणी चाचा.

मंगळवारी ती मुलगी वाटेत भेटली. "आजीला वाचून दाखवलं. ती रडली की ओ. म्हणाली, मी मनात अगदी हेच मागत हुते बघ. माझ्याकडनं कागदावर लिहून घेतलं आणि देवघरात लावलंय."

खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. त्या दिवशी मी जरा ताठच चाललो.

शुक्रवारी नमाज झाल्यावर मशिदीच्या पायरीवर आमच्यातल्या एका टेलरनं मला गाठलं. त्याचा मुलगा त्याच वर्गात.

"चाचा, पोराच्या वहीत काय लिहून दिलंयसा? फातयात शिवार कुठनं आलं? आणि गोठा?"

"म्हशीबी घातल्या असतील, नीट बघ," मागनं कुणीतरी म्हणालं. चार जण हसले.

माझं डोकं फिरलं. "माझ्या बापानं सांगितलेला अर्थ हाय तो. तू माझ्या बापाला शिकवणार व्हय?"

टेलर बाजूला झाला. माझ्या बापाला गावात मान होता. हसणारेही पांगले. चपला घालता घालता माझ्या ध्यानात आलं. एक खोटं झाकायला मी मेलेल्या बापाला पुढं केलं होतं. त्यानं मला अर्थ कधीच सांगितला नव्हता. त्याला तरी येत होता का, कोण जाणे.

दुपारी जेवण गेलं नाही. सून विचारायला लागली तशी उठलो आणि टेलरच्या दुकानात गेलो. बसलो नाही. "तुझ्याकडं ते कुराणाच्या मराठी अर्थाचं पुस्तक हाय न्हवं? काढ. वाच."

त्यानं मशीन थांबवलं, हात धुऊन आला आणि वाचलं. सगळी स्तुती त्याची. तो दयाळू आहे, शेवटच्या दिवसाचा मालक आहे. आम्ही तुझीच भक्ती करतो, तुझ्याकडंच मदत मागतो. आम्हाला सरळ रस्ता दाखव, भरकटलेल्यांचा नको.

"पुढं?"

"संपलं की, चाचा."

"एवढंच? पुन्यांदा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं. पाऊस नाही, शिवार नाही. लेकीबाळींचं नावसुद्धा नाही.

माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. तिला माती दिली तेव्हा मुलगा उभा राहू शकत नव्हता, पण मी एकही शब्द न अडखळता फातया दिला. लोकांनी वाखाणलं, काय धीराचा माणूस! पंचेचाळीस वर्षं ती माझ्यासंगं राहिली. तिच्या उशाशी मी काय बोललो, ते मला दुसऱ्याच्या दुकानात, कापडाच्या चिंध्यांत उभं राहून कळावं? आणि ती नवसाची माणसं? त्यांना वाटायचं, मुलाणी आपलं गाऱ्हाणं वर पोचवतोय. मी काय पोचवत होतो, ते माझं मला ठाऊक नव्हतं.

"चाचा, बसा. पाणी आणू?"

"नको," म्हटलं आणि बाहेर पडलो. "बापाचं मी खोटंच बोललो," हे त्याला सांगायचं होतं. तेही झालं नाही.

तिन्हीसांजेला बाईंच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"चाचा, भावना चांगली आहे ना? मग राहू द्या हो. त्यात वाईट काय आहे?"

"त्ये खोटं हाय, बाई. उद्याच्या तासाला मी पोरास्नी सांगतो."

"उद्या तास नाही. संस्थेची माणसं येणार आहेत. तो फलक मी मुद्दाम त्यांना दाखवणार आहे."

"मग त्यास्नीच सांगतो."

बाई उठून उभ्या राहिल्या. "तसलं काही करू नका. दिवस कसे आहेत, तुम्हाला मी सांगायला पाहिजे का? एकानं म्हटलं, चाचांनी खोटं शिकवलं, की दुसरा विचारणार, शिकवायला बोलावलंच कशाला? मग तुमचा तास जाईल. गुरवांचाही जाईल. सगळंच बंद."

बाई चुकीचं बोलत नव्हत्या. तोंड उघडलं तर पोरांचा तास माझ्यापायी बुडणार, मिटलं तर माझ्या नावावर ते खोटं भिंतीवर राहणार, अडतीस वह्यांत राहणार, आणि एका म्हातारीच्या देवघरातही. उठलो, तर उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला सापडेनात. समोरच होत्या. बाईंनी पायाशी सरकवल्या तेव्हा दिसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी हायस्कुलाच्या फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. रस्ता कुणाच्या बापाचा नव्हता. नववीचं पोर दिसलं की सायकल धरायची. "वही काढ. त्या दिवशी सांगितलेला अर्थ खोड. मला येत नव्हता, मी लबाड बोललो."

"चाचा, परीक्षेला हाय का ह्ये?" एकानं विचारलं.

"न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे की!" म्हणून तो सायकल सोडवून पळाला. टेलरच्या मुलानं मात्र पेन दाबून खोडलं, पान फाटेपर्यंत. बऱ्याच जणांनी वही आणलीच नव्हती. त्यांना नुसतंच सांगितलं. शिपाई येऊन म्हणाला, "बाजूला व्हा चाचा, पावणं यायची वेळ झालीया." मी हललो नाही. बाई व्हरांड्यातनं बघत होत्या. खाली आल्या नाहीत.

ती मुलगी शेवटी आली. तिनं ऐकलं आणि दप्तर छातीशी धरलं.

"मी न्हाय खोडणार. आजी रोज हात जोडती त्याला."

"पोरी, माझं ऐक."

"मग तुमीच सांगा जावा तिला."

घंटा झाली. ती आत पळाली, शिपायानं फाटक लावलं.

मी तसाच तिच्या घराकडं निघालो. म्हातारी गोठ्यापुढं दुधाच्या किटल्या घासत होती. मला बघून तिनं पदर सावरला. "या की मुलाणी भावजी. एवढ्या सकाळी? च्या टाकू?"

"च्या नको, वयनी," मी म्हटलं. "ती किटली खाली ठेवा आणि जरा हितं बसा."

ती बसली. मीही खाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसलो आणि सांगायला लागलो.