अक्कांची विहीर
केळीच्या ताज्या कापलेल्या खांबाचा ओला, तुरट वास आला की मी थेट चोपड्याजवळच्या त्या मळ्यात पोहोचते. कॉलेजात असताना मे महिन्यात मैत्रिणीकडे राहायला गेले होते. दुपारी घरात बसवत नसे, म्हणून सगळ्या जणी विहिरीत उड्या मारायच्या. मी मात्र पायरीवरच बसायचे, कारण आमच्या घरात मुलींनी पाण्यात उतरायचं नाही असा दंडक होता. एके दिवशी मैत्रिणीच्या आईने, अक्कांनी, लुगड्याचा काचा मारला, केळीचा खांब पाण्यात टाकला आणि त्या अहिराणीत म्हणाल्या, “ये व माय, मी शे ना!” खांब छातीशी कवटाळून मी मध्यापर्यंत गेले. “आते सोडी दे,” अक्का म्हणाल्या. मी सोडला. नाकातोंडात पाणी गेलं, पण हातपाय आपोआप चालू लागले आणि पलीकडचा गार दगड हाताला लागला. मैत्रीण आनंदाने ओरडत होती. अक्का हसून म्हणाल्या, “आते घर जाईसन सांग!” घरी आल्यावर मी खरंच वडिलांसमोर उभी राहून सांगितलं. ते माझ्या धाकट्या बहिणीकडे बघून म्हणाले, “पुढच्या वर्षी हिलाही घेऊन जा.” आज ती माझ्यापेक्षा चांगली पोहते.