मेथी, कांदा, तूर

आमचे सभापती आबाजी सकाळी कचेरीत आले की नमस्काराच्याही आधी विचारत, "बाबू, आज मेथी कोनती?" पंचायत समित्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि मी मलकापूरहून आलेला नवा कारकून. पहिल्या दिवशी मी शिपायाच्या हाती पिशवी देऊन त्याला भाजीबाजारात पिटाळण्याच्या बेतात होतो.

आबाजी धाड गावाकडचे. त्यांची उभी हयात आठवडी बाजारात भाजी विकण्यात गेलेली, त्यामुळे जगातल्या कामांचे त्यांच्या लेखी तीनच प्रकार होते. मेथी म्हणजे आज केलं नाही तर संध्याकाळपर्यंत कुजणारं काम. कांदा म्हणजे महिना-दोन महिने दम धरणारं. आणि तूर म्हणजे मधूनमधून ऊन दाखवलं की वर्षभर न बिघडणारं. एकदा वरून लाल चिठ्ठी लावलेला 'तातडीचा' कागद आला. कचेरीत खुर्च्या किती, असं विचारलं होतं. मी तो मोठ्या ऐटीत सगळ्यांत वर ठेवला. आबाजींनी तो वाचून खाली सरकवला.

"लाल चिठ्ठी लावल्यानं तूर मेथी होते काय बे? कपाशीवर कीड पडली, फवारनीचं पाह्य आंधी. कीड काय चिठ्ठी वाचून थांबते?"

मेथी सकाळच्या थंड वेळी निवडायची, सभा दुपारी. सभेनंतर ते कुठलंही काम हाती घेत नसत आणि मलाही घेऊ देत नसत. "सभेतून आलेला मानूस अन् मळनीतून सुटलेला बैल, दोघायले लगेच जुंपू नये," असं म्हणून चहा मागवत. हा त्यांचा एकच नियम मी नोकरीभर मनापासून पाळला.

सभा मात्र भलत्याच हुशारीने लावत. पूर्वी आमचे सभासद दोन-दोन तास उशिरा उगवायचे आणि बोलायला उभे राहिले की खाली बसायचं विसरायचे. बहुतेक मंडळी धाडकडची, म्हणून आबाजींनी सभेची वेळ तिकडे जाणाऱ्या शेवटच्या एसटीच्या जरा आधीची नेमून टाकली. सभागृहाच्या खिडकीतून स्टँड दिसायचा. गाडी लागली की भाषणं आवरती व्हायची, ड्रायव्हरने हॉर्न दिला की ठराव मंजूर. एका सभासदाने तर गाडीच्या पायरीवरून ओरडून अनुमोदन दिलं आणि मी ते धावत जाऊन लिहून घेतलं. हळूहळू मंडळी वेळेवर येऊ लागली. पुढे पुढे तर वेळेच्याही आधी.

मग आबाजींच्या फेरनिवडीचा दिवस आला. त्यांना पुन्हा सभापती व्हायचं होतं, त्यासाठी नवा कोट शिवला होता. दोन्ही गट इतके बरोबरीचे होते की आबाजींच्या स्वतःच्या मतावर सगळं येऊन ठेपलं होतं. आणि त्याच सकाळी ते जीपमध्ये बसून निघाले.

शेजारच्या एका वस्तीवर पिण्याच्या पाण्याची विहीर खडकाला अडली होती. सुरुंग लावायचा तर ज्यांच्या बांधाला धक्का लागणार ते दोघे सख्खे भाऊ वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. आदल्या संध्याकाळी मात्र दोघांनीही हो म्हटलं होतं.

मी जीपला आडवा झालो. "आबाजी, आज निवडनूक हाय. तुमच्या मतावर सारं हाय."

"त्यायचा होकार लय नाजूक हाय, बाबू. मी उठलो की पलटतीन. सुरुंग उडाला की आलोच. आज सभा तहसीलदार घेनार हाय, अन् साहेबलोक कधी टायमावर येतेत काय?"

इथेच त्यांचा हिशेब चुकला. तहसीलदार खरोखरच विश्रामगृहावर वामकुक्षी घेत होते. पण एसटी चुकेल या धास्तीने आमच्या सभासदांनीच जाऊन त्यांना उठवून आणलं! सभा ठरल्या वेळी सुरू झाली. मी खिडकीतून जीपची धूळ शोधत राहिलो. आबाजींचं मत नाही म्हणून दोन्हीकडची मतं सारखी पडली, चिठ्ठ्या टाकल्या आणि नाव निघालं दुसऱ्याचं. लगेच सगळे गाडी गाठायला पळाले.

आबाजी आले तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता.

"झाली सभा?"

"झाली."

"टायमावर?"

"हो. चिठ्ठी त्यायची निघाली."

ते असे हसत सुटले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. "म्याच शिकवलं लेकायले," ते म्हणाले. जीपची किल्ली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. जीप आता नव्या सभापतींची होती, आणि एसटी तर निघून गेली होती. त्यांची लेक इथेच गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिच्याकडे सोडायला मी त्यांना सायकलच्या कॅरियरवर बसवलं.

चौक मागे पडला. नव्या कोटावर खडकाची भुकटी बसली होती.

"खोटं काऊन बोलू, बाबू," ते मागून म्हणाले, "खुर्ची लय आवडे मले."

मला फार वाईट वाटलं. पुढे चढ लागला, मी उतरून सायकल ढकलू लागलो, तेही उतरून माझ्या बरोबरीने चालू लागले.

"पानी गोड लागलं पन. दोघायी भावायनं एकाच लोट्यातून पेलं."